मांड्यांवरचे खड्डे आणि साठ हजारांचं पॅकेज

पत्र थोडक्यात असं आहे:

नागपूरची एक वाचक, वय ३६, खासगी बँकेत नोकरी, मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिने मनावर घेतलं आणि वजन ७१ किलोवरून ६२ वर आणलं. आठवड्यातून चार दिवस जिम, रविवारी फुटाळा नाहीतर सेमिनरी हिल्सला चालणं, चहातली साखर बंद, तर्री पोहे कधीतरीच, सावजी तर जवळपास सुटल्यातच जमा. रिपोर्ट सगळे चांगले. पण मांड्यांच्या मागे आणि नितंबांवर जे खड्डे-खड्डे होते ते तसेच आहेत, "उलट वजन उतरल्यावर जास्तच दिसून राहिले" असं ती लिहिते. जिमचा ट्रेनर म्हणतो बॉडीत टॉक्सिन्स आहेत, पाणी वाढवा, कार्डिओ वाढवा. धरमपेठेतल्या एका क्लिनिकने आठ सेशनचं साठ हजारांचं पॅकेज सांगितलंय, ऑफर म्हणे महिनाअखेरपर्यंतच. डिसेंबरमध्ये कॉलेजच्या मैत्रिणी गोव्याला जाणार आहेत, तिचं जायचं मन नाही. मुलीला पोहायच्या क्लासला सोडायला जाते, मुलगी विचारते आई तू का नाही उतरत पाण्यात, ही काहीतरी कारण सांगते. नवरा म्हणतो, "कुठे काय दिसून राहिलं?" त्याचाही तिला राग येतो. तिचे प्रश्न दोन: "इतकं सगळं करूनही हे जात काहून नाही, माझं नेमकं चुकतंय कुठे? आणि पॅकेज घेऊ का?"

—

अगं, आधी उत्तर देते आणि मग बोलू. तुझं काही चुकत नाहीये. आणि पॅकेज या महिन्यात घेऊ नको. पुढे कधी घ्यायचंच असेल तर कसं घ्यायचं तेही सांगते, मी काही त्याच्या विरोधात शपथ घेऊन बसलेली नाही.

तू ज्याला खड्डे म्हणतेस त्याला सेल्युलाईट म्हणतात हे तुला क्लिनिकवाल्यांनी सांगितलंच असेल. ते नेमकं असतं काय हे मात्र कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही, कारण सांगितलं असतं तर तू "माझं काय चुकतंय" हा प्रश्न विचारलाच नसतास.

आपल्या कातडीच्या खाली चरबीचा थर असतो, सगळ्यांच्याच, बारीक माणसाच्याही. त्या थरातून चिवट धाग्यांसारखे तंतू जातात, वरच्या कातडीला खालच्या स्नायूशी बांधून ठेवणारे. आता पिंजाऱ्याकडून भरून आणलेली कापसाची गादी आठव, तिला जागोजागी जाड दोऱ्याचे टाके घातलेले असतात, टाका जिथे असतो तिथे गादी आत जाते आणि मधला कापूस वर फुगतो. बस, एवढंच आहे ते. बाईच्या मांडीत हे टाके बहुतेक उभे, सरळ वरून खाली जातात, म्हणून मधली चरबी वर ढकलली जाते आणि टाक्याच्या जागी खड्डा पडतो. पुरुषांमध्ये ते आडवे-तिडवे, एकमेकांना छेद देत जातात आणि वरची कातडीही जाड असते, त्यामुळे चरबी तितकीच असली तरी वर नक्षी उमटत नाही. नर्नबर्गर आणि म्युलर या दोघा जर्मन संशोधकांनी १९७८ मध्येच हा फरक लिहून ठेवलाय. नंतर त्यात बरीच भर पडली, पण मूळ गोष्ट तीच राहिली.

यात आणखी दोन-तीन गोष्टी मिसळतात. इस्ट्रोजेन हे हार्मोन, म्हणून हे वयात आल्यावर सुरू होतं, त्याआधी नाही. घराणं, म्हणजे आईला, मावशीला, आत्याला असेल तर तुला असण्याची शक्यता जास्त. आणि वय, कारण तिशीनंतर कातडी हळूहळू पातळ आणि सैल व्हायला लागते, मग जे आधीपासून खाली होतं ते वरून दिसायला लागतं. वयात आलेल्या बायकांपैकी ८० ते ९० टक्के जणींना हे कमी-जास्त असतंच असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. म्हणजे तुझ्या जिममध्ये सकाळच्या बॅचला ज्या दहा जणी आहेत त्यातल्या आठ-नऊ जणींना आहे, त्या काळ्या लेगिंगमध्ये आहेत एवढंच. तुझ्या पुढच्या ट्रेडमिलवर जी बारीक, कॉलेजातली पोरगी पळून राहिली असते ना, तिलाही असू शकतं.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते, "वजन उतरल्यावर जास्तच दिसून राहिले". हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत, असं खरंच होतं. वजन कमी झालं की चरबी कमी होते, पुष्कळ जणींना त्याने खड्डे थोडे कमीही दिसतात, पण टाके काही जात नाहीत, आणि वरची कातडी पूर्वी ताणलेली होती ती आता ढिली पडते, त्यामुळे काहींच्या बाबतीत खड्डे उठून दिसतात. नऊ किलो उतरवलेस तू, एका बाळंतपणानंतर. ढिली पडणारच थोडी. मग आपण काय करतो, दिसून राहिलं म्हणजे अजून वजन कमी करायला पाहिजे असं समजून एक पोळी अजून कमी करतो, संध्याकाळचं जेवण सुपावर आणतो, आणि मग स्नायूही जातात नि आणखी ढिलं दिसायला लागतं. तू पत्रात लिहिलंयस की आता ५७ वर यायचंय. कशाला? डॉक्टरने सांगितलंय का? सांगितलं नसेल तर ते सोडून दे बाप्पा.

आणि तुझा ट्रेनर. भला माणूस असेल, तुझे नऊ किलो उतरवण्यात त्याचाही हात आहे, पण टॉक्सिन्सचं ते सगळं थोतांड आहे. शरीरातली घाण बाहेर काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, तुझे रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे त्या दोघी आपलं काम करून राहिल्या आहेत. मांडीत टॉक्सिन्सची पोटली साठून तिचा खड्डा पडत नाही. पाणी भरपूर पी, नागपुरात राहतो आपण, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पण ते ऊन लागू नये म्हणून पी, त्याने मांडी गुळगुळीत होणार नाही. आणि कार्डिओ वाढवून एखाद्याच जागेची चरबी जळत नाही, शरीर कुठून चरबी काढायची ते आपल्याला विचारून ठरवत नाही, गाल आधी बसतात हे तुला अनुभवाने माहीत असेलच.

मला तुझ्या प्रश्नातला "इतकं करूनही" हा भाग जरा खटकतो. तू व्यायाम सुरू केलास तेव्हा काय पाहिजे होतं तुला? पत्रात तूच लिहिलंयस, बँकेत तिसरा मजला चढताना दम लागत होता, शुगर बॉर्डरला होती, पाठ दुखत होती. ते तिन्ही गेलं ना? म्हणजे ज्या कामासाठी व्यायाम असतो ते काम त्याने चोख केलंय. खड्ड्यांचं काम त्याच्याकडे नव्हतंच कधी, ते तू (आणि इन्स्टाग्रामने) मागाहून त्याच्या गळ्यात बांधलं, आणि आता तो नापास झाला म्हणून नाराज होऊन राहिली. हा निकष लावला तर जगातल्या निम्म्या खेळाडू बायका नापास होतील, कारण पळणाऱ्या, पोहणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या बायकांनाही हे असतं.

हे "प्रॉब्लेम" म्हणून आलं कुठून तेही बघ. डॉक्टर लोक याला आजार मानत नाहीत, याने दुखत नाही, पुढे काही होत नाही. फ्रान्समध्ये ब्युटी पार्लरवाल्यांत याची चर्चा आधीपासून होती, पण १९६८ साली अमेरिकेतल्या व्होग मासिकाने त्यावर मोठा लेख छापला आणि तिथून क्रीम, मसाज, पट्टे, मशिनी असा सगळा बाजार उभा राहिला. तोपर्यंत बायकांच्या मांड्या होत्या तशाच होत्या. आपल्याकडे तर आजीच्या पिढीत नऊवारीखाली मांडी कशी आहे हे बघायला कोणाला सवड होती? आईच्या पिढीतही हा विषय निघाला नाही. आपल्याकडे तो आला जिम, लेगिंग आणि मॉलच्या ट्रायल रूमसोबत.

ट्रायल रूमचं तू लिहिलंयस म्हणून सांगते. तिथला लाईट बरोब्बर डोक्यावर असतो, आणि तीन बाजूंनी आरसे. वरून पडलेल्या उजेडात प्रत्येक लहान खड्ड्याखाली सावली पडते आणि तो खोल वाटतो. घरी एकदा करून बघ, रात्री बाथरूममध्ये फक्त वरचा बल्ब लावून बघ आणि मग सकाळी खिडकीकडे तोंड करून समोरून येणाऱ्या उजेडात बघ, मांडी तीच, पण निम्मे खड्डे गायब. क्लिनिकवाल्यांचे "बिफोर-आफ्टर" फोटो बघतानाही हे डोक्यात ठेव, बिफोरमध्ये लाईट वरून आणि आफ्टरमध्ये समोरून असतो कितीदा तरी, शिवाय आफ्टरमध्ये बाई टाचा उचलून उभी असते. तुझ्या नवऱ्याला खरंच दिसत नसेल, तो काही तुझ्या मागे तीन आरसे घेऊन फिरत नाही. त्याच्यावरचा राग मात्र मला समजतो, "कुठे काय दिसतं" म्हटलं की आपल्याला वाटतं हा विषयच झटकून टाकून राहिला. त्याला सरळ सांग की मला यावर उपाय नकोय तुझ्याकडून, फक्त ऐक आणि गंमत करू नको.

बरं, आता एक गंभीर गोष्ट, तुझ्यासाठी कमी आणि बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी जास्त, कारण मांडीवरची प्रत्येक गोष्ट सेल्युलाईट नसते. दोन्ही पाय सारखेच जाड, कमरेवरचं शरीर बारीक, डाएट करून वरचं उतरतं पण पाय हलत नाहीत, दाबलं की दुखतं, कुठे लागलं नसताना निळे डाग पडतात, आणि जाडपणा घोट्यापाशी एकदम थांबतो, पाऊल मात्र नाजूक, असं असेल तर तो लिपेडेमा असू शकतो. हा खरा आजार आहे, बायकांनाच होतो जवळपास, पाळी सुरू होताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना डोकं वर काढतो, आणि वर्षानुवर्षं त्यांना "खाणं कमी कर" एवढंच ऐकावं लागतं. त्यांनी डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. एकच पाय सुजला, पोटरी दुखून राहिली, तर त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. आणि हळूहळू एक पाय जाड होत चालला असेल तर आपण विदर्भात राहतो हे विसरू नका, हत्तीपाय इकडे अजून संपलेला नाही, गोळ्या वाटायला आरोग्य विभागाची माणसं दारावर येतात ती उगाच नाही येत. लाल, गरम, ताप आला, तर ते इन्फेक्शन, त्यावर तेल-मसाज करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. यासाठी साठ हजार लागत नाहीत, मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे आपल्या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत, स्किनची ओपीडी असते, तिथे लाईन लागते ही गोष्ट खरी, पण बघणारे डॉक्टर असतात. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही, दुखत नाही, डाग पडत नाहीत, दोन्हीकडे सारखं आहे, म्हणून मी निवांत आहे.

आता उपाय. कोणत्या गोष्टीने किती फरक पडतो ते खरं-खरं सांगते, कारण "काहीच होत नाही" असं सांगून मोकळं होणंही बरोबर नाही.

क्रीम. कॅफीनवाल्या क्रीमने कातडी जरा वेळ ताणल्यासारखी दिसते, रोज लावत राहिलं तर दिसते, सोडलं की गेलं. रेटिनॉल ०.३ टक्के असलेलं क्रीम सहा महिने किंवा जास्त काळ नेमाने लावलं तर कातडी थोडी जाड होऊन काही जणींना फरक दिसतो, थोडाच. प्रेग्नन्सीचा विचार असेल तर रेटिनॉल नको. कॉफीचा स्क्रब, कोरडा ब्रश, लाटणं फिरवणं, याने रक्त वर येतं, जरा सूज येते, तास-दोन तास बरं दिसतं. लग्नाच्या दिवशी कोणाला करायचं असेल तर करा.

मशिनी. रेडिओफ्रिक्वेन्सी (कातडीखाली उष्णता देणारी), शॉकवेव्ह (लहरींचे धक्के देणारी) वगैरे, तुझ्या पॅकेजमध्ये मला वाटतं यातलंच काहीतरी आहे. याने काहींना थोडा फरक पडतो, पण तो काही महिन्यांत ओसरतो आणि पुन्हा सेशन घ्यावे लागतात, म्हणजे साठ हजार हा आकडा शेवटचा नाही, पहिला आहे. हे तुला कोणी सांगितलं का तिथे?

टिकाऊ म्हणावा असा उपाय म्हणजे ते टाकेच कापणं, सबसिजन म्हणतात त्याला. जागा बधिर करून कातडीखाली सुई किंवा बारीक ब्लेड घालून तो तंतू सोडवतात, खड्डा वर येतो, आणि पुष्कळांमध्ये दोन-तीन वर्षं तरी राहतो. पण त्यात दुखतं, काळं-निळं होतं, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मागे तपकिरी डाग राहायची भीती गोऱ्या लोकांपेक्षा जास्त. खड्डा गेला आणि डाग आला तर काय करायचं, हा विचार आधी. अमेरिकेत यावर एक इंजेक्शनही आलं होतं, तंतू विरघळवणारं, तिथल्या सरकारी एफडीएने जुलै २०२० मध्ये मंजूर केलं, मोठा गाजावाजा झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करायचं जाहीर केलं कारण खूप काळं-निळं होत होतं आणि डाग बराच काळ राहायची भीती होती. हे सांगायचं कारण एवढंच की मंजुरी मिळालेल्या औषधाची ही गत, तर "हर्बल, शंभर टक्के गॅरंटी" वाल्यांचं काय ऐकायचं. लायपोसक्शनने, म्हणजे चरबी ओढून काढायच्या ऑपरेशनने, खड्डे जात नाहीत, कधीकधी वाढतात. चरबी गोठवायची मशीन चरबीसाठी आहे, टाक्यांसाठी नाही.

आणि एक, प्लास्टिक गुंडाळून किंवा तो घाम आणणारा पट्टा बांधून जिम करायचं जे फॅड आहे ते तर कृपा करून करू नको, मार्च ते जून तर अजिबातच नाही. घामाने पाणी जातं, चरबी नाही, वजनकाट्यावर जो अर्धा किलो कमी दिसतो तो घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायल्यावर परत येतो. आपल्याकडच्या उन्हात चक्कर येऊन पडायची वेळ यायची. शिवाय जांघेत घामोळ्या, मग खाज, मग गजकर्ण, मग मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेली स्टिरॉइडवाली ट्यूब, आणि त्या ट्यूबने गजकर्ण आणखी चिवट होतं. खड्ड्यांसाठी निघालेली बाई सहा महिने गजकर्णाचा इलाज करत बसते.

तुला ट्रेनरकडे जाऊन सांगायचं आहे ते हे, की मला कार्डिओ कमी आणि वजनं जास्त पाहिजेत. स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंजेस, हिप थ्रस्ट, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर काही आठवड्यांनी वजन वाढवत न्यायचं, दोन वर्षं त्याच गुलाबी डंबेलवर नाही. मांडी-नितंबाचे स्नायू भरले की वरची कातडी जरा ताणली जाते आणि खड्डे उथळ दिसतात, जात नाहीत पण उथळ दिसतात. यात निदान नुकसान काही नाही, उलट चाळिशीनंतर हाडांना आणि गुडघ्यांना याचाच फायदा. खाण्यात प्रोटीन वाढव, तू लिहिलेला दिवसभराचा आहार वाचला, त्यात सकाळी फळं, दुपारी दोन पोळ्या-भाजी, रात्री सूप, यात प्रोटीन आहे कुठे? वरण वाटीभर घट्ट पाहिजे, अंडी खात असशील तर दोन, दही, पनीर, उकडलेले चणे, बुधवार-रविवारी चिकन. सावजीच्या रश्श्यात तेल-मसाला पुष्कळ, पण त्यातलं चिकन चिकनच असतं, महिन्यातून एकदा खाल्लं म्हणून मांडीवर खड्डा पडत नाही, उगाच त्याला आरोपी करू नको. सिगारेट ओढत असशील (तू लिहिलं नाहीस, पण हे वाचणारी कोणी ओढत असेल) तर कातडीसाठी ती सोडण्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही.

हे सहा महिने कर. फोटो काढायचेच असतील तर एकाच जागी, एकाच वेळेला, एकाच उजेडात काढ, महिन्यातून एकदा, रोज नाही. सहा महिन्यांनंतरही तुला वाटलं की नाही, मला हे घालवायचंच आहे, तर खुशाल जा, तुझी कमाई आहे, तुझी मांडी आहे, त्यात लाज कसली. लोक कारवर लाखाचं सीट कव्हर लावतात त्यांना कोणी विचारत नाही. फक्त क्लिनिकमध्ये शिरल्यावर काउंटरवरच्या मुलीशी नाही तर डॉक्टरशी बोल, एमडी स्किन किंवा तत्सम डिग्री असलेले, आणि विचार की मशीनचं नाव काय, करणार कोण, डॉक्टर की थेरपिस्ट, माझ्यासारख्या रंगाच्या कातडीवर किती जणींना केलंय आणि डाग राहिले का, फरक किती महिने टिकतो, नंतर वर्षाला किती खर्च येईल, आणि एक सेशन करून बघून बाकीचे पैसे मग भरले तर चालेल का. या शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे पैसे भरायचे नाहीत. "ऑफर महिनाअखेरपर्यंतच" म्हणणाऱ्याकडेही नाही, चांगल्या डॉक्टरला कातडीचा सेल लावावा लागत नाही. आणि साठ हजार एकरकमी किंवा ईएमआयवर तर मुळीच नाही, तू बँकेत आहेस, तुला मी काय सांगू.

राहिलं पाणी आणि गोवा. यात मी सहा महिने थांबायला सांगणार नाही.

पोहायच्या क्लासचं तू दोनच ओळींत लिहिलंस आणि पुढे निघालीस, पण मला सगळ्या पत्रात तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. तू लिहिलंयस की लहानपणी अंबाझरी तलावाकडे फिरायला गेलं की तुला पोहायला शिकायची फार इच्छा व्हायची आणि घरून कोणी शिकवलं नाही. आता पूल समोर आहे, वेळ आहे, मुलीला घेऊन रोज तिथे बसतेच आहेस, आणि उतरत नाहीस ती मांडीच्या मागच्या बाजूसाठी, जी पाण्यात उतरल्यावर कोणालाच दिसत नाही. गुडघ्यापर्यंतचे, अगदी घोट्यापर्यंतचे कॉस्च्यूम मिळतात, सीताबर्डीला कोणत्याही स्पोर्ट्सच्या दुकानात विचार, आपल्याकडच्या बायका बहुतेक तेच घालून पोहतात. लेडीज बॅच असेल तर ती घे. नवशिक्या चार जणी कठड्याला धरून पाय मारत असतात, कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं, नाकात पाणी गेलं यातच सगळ्या गुंतलेल्या. आणि बाजूच्या पुरुषांच्या बॅचला बघ एकदा, पोटं काय, पाठीवरचे केस काय, कोणाला काही पडलेलं नाही, धाडकन उडी मारून मोकळे.

मुलगी नऊ वर्षांची आहे, चार-पाच वर्षांत तिच्याही शरीरात हेच बदल होतील, तुझीच मुलगी आहे. तिला तू आज जे कारण सांगतेस, सर्दी आहे, केस ओले होतील, ते तिला पटत नसतं, पोरांना कळतं. पुढच्या वेळी विचारलं तर खरं सांग, "मला लाज वाटते जरा, पण शिकायचं आहे." ती काय म्हणते ते मला जरूर कळव.

गोव्याला जा. रिझर्वेशन लवकर कर, डिसेंबरात नागपूरहून तिकडची तिकिटं मिळता मिळत नाहीत. तिथे काय घालायचं ते तुझं तू ठरव, शॉर्ट्स वाटली तर शॉर्ट्स, नाही वाटली तर कॉटनची पॅन्ट, त्या मैत्रिणी कॉलेजातल्या आहेत, सगळ्या पस्तिशी ओलांडलेल्या, लाजत असतील तर सगळ्याच लाजत असतील.

आणि हे वाचताना जर कोणाला वाटत असेल की आपलं याहून पुढे गेलंय, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा आरशात तपासणं, लाईट बंद असल्याशिवाय नवऱ्याजवळ न जाणं, लग्नसमारंभ टाळणं, जेवल्यावर स्वतःचा राग येणं, तर त्यांनी स्किनच्या डॉक्टरआधी एखाद्या समुपदेशकाला किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरला भेटा. हे कितीतरी जणींना होतं आणि त्यावर इलाज आहे, मांडीवर इलाज करून ते जात नाही.

पत्राच्या अगदी शेवटी तू विचारलंस की सासूबाई तिळाचं तेल कोमट करून लावायला सांगतात, लावू का. लाव की. खड्डे जाणार नाहीत, पण जिमनंतर पाय ठणकतात त्याला बरं वाटेल आणि थंडीत आपल्याकडे कातडी उलते त्यालाही चांगलं. फक्त रात्री लाव आणि आंघोळीत धुऊन टाक, तेलाच्या पायावर तशीच टाइट लेगिंग चढवून सकाळी जिमला गेलीस तर पुरळ येईल आणि मग त्याचं पत्र मला लिहिशील.